टायमिंग चेन: झीज, आवाज आणि बदली. १.३ डिझेल व इतर जुन्या गाड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायमिंग चेन नक्की काय करते?

पिस्टनमुळे फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या जोरावर व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट फिरवते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा व्हॉल्व त्याच्या वाटेबाहेर असायला हवेत, तो मेळ चेन सांभाळते. चेन सैल पडली की मेळ थोडा बिघडतो, स्प्रॉकेटचा (दातेरी चाकाचा) दात चुकला की जास्त बिघडतो आणि चेन तुटली की पिस्टन व व्हॉल्व एकमेकांवर आदळतात.

माझ्या गाडीत चेन आहे की बेल्ट?

मारुती ८००, झेन, एस्टीम, जुनी १.१ वॅगन आर, सँट्रो झिंग, १.१ ची आय१०, जुनी टाइप झेड सिटी, इंडिका डिझेल, इनोव्हा २.५ डिझेल, फिगो १.४ डिझेल, डस्टर १.५ डिझेल या सगळ्यांत बेल्ट आहे. त्याचा बदलायचा आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तो पाळायचा, वाद घालायचा नाही.

के सिरीजच्या मारुती (के१० आणि के१२), कप्पा १.२ ची आय१० व आय२०, २००३ नंतरची सिटी, एमहॉक २.२ ची स्कॉर्पिओ यांत चेन आहे. प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या अँबॅसडरमध्येही चेनच. आणि ज्या इंजिनाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते ते १.३ डिझेल, त्यातही चेनच आहे. खालची बहुतेक उत्तरं त्याच इंजिनाला धरून आहेत. तत्त्व मात्र सगळीकडे लागू पडतं.

१.३ डिझेल म्हणजे कोणकोणत्या गाड्या?

फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन. युरोपात २००३ मध्ये आलं, आपल्याकडे २००७ च्या स्विफ्टमधून घराघरांत पोचलं. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, एसएक्स४ डिझेल, सियाझ, ब्रेझा, फियाटच्या पुंटो आणि लिनिआ, टाटाच्या व्हिस्टा, मांझा, बोल्ट, झेस्ट, शेवरोलेची सेल, अशा कितीतरी गाड्यांत तेच. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं आणि फियाटच्या पुण्याजवळच्या रांजणगाव कारखान्यातही. २०१२ पासून रांजणगावची इंजिनं मारुतीलाही जात होती. एप्रिल २०२० ला बीएस६ लागू झालं आणि हे इंजिन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावरचं प्रत्येक १.३ डिझेल जुनं आहे, आणि बरीचशी गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहे. चेनचे प्रश्न आत्ताच का वाढलेत, याचं उत्तर त्यातच आहे.

चेन आयुष्यभर टिकते असं शोरूममध्ये सांगितलं होतं. ते खोटं होतं का?

अर्धं खरं. चेनला बदलीचा ठरलेला आकडा नाही, हे खरं. पण बेल्ट कोरडा चालतो, चेन ऑइलवर जगते. तिला ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्याच दाबावर काम करतो. त्यामुळे चेनचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा वेळेवर बदललेल्या ऑइलमध्ये मोजलेलं बरं. त्याच मॉडेलची एक गाडी २ लाख किलोमीटरला शांत चालते आणि दुसरी ९० हजाराला खडखडते, तेव्हा आधी दोघींची सर्व्हिसची वही उघडावी.

चेन "लांबते" म्हणजे लोखंड ताणलं जातं का?

नाही. पट्ट्या जशाच्या तशा राहतात. झिजतात त्या पिना आणि त्यांच्याभोवतीची बुशं. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलेपणा येतो आणि सगळ्यांची बेरीज होते.

हिशोबापुरतं धरू: ८ मिमी अंतराच्या १२० कड्या, म्हणजे ९६० मिमी चेन. प्रत्येक सांधा फक्त ०.०२ मिमी झिजला तर चेन २.४ मिमी लांबली. क्रँक आणि कॅममधल्या ताणलेल्या बाजूला ४५ कड्या असतील तर तिथे ०.९ मिमी वाढ. कॅमच्या ४० दातांच्या स्प्रॉकेटवर ही वाढ १ अंशाची होते, क्रँकच्या हिशोबात २ अंशांची. कॅम तेवढा मागे पडतो. २ अंशांनी गाडी बंद पडत नाही, पण पिकअप थोडा कमी वाटतो. आणि एक पूर्ण दात चुकला तर? कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. तिथे गाडी सुरू झालीच तरी लंगडते.

लांबलेली चेन स्प्रॉकेटच्या दातांत पूर्ण खाली बसत नाही, दातांच्या टोकाकडे सरकते. मग दात वाकड्या काट्यासारखे झिजतात, आणि असं स्प्रॉकेट नवी चेनही लवकर खातं.

झीज नेमकी कशामुळे होते?

कारणं बरीच सांगता येतील, पण दहातल्या आठ वेळा गाडं ऑइलपाशीच येतं.

डिझेल इंजिनात जळण्यातून काजळी तयार होते आणि ऑइलमध्ये मिसळते. ऑइल बदलल्यावर काहीशे किलोमीटरमध्ये ते काळं दिसणं म्हणूनच स्वाभाविक आहे. पण मर्यादेपलीकडे काजळी साठली की तिचे बारीक कण पिना-बुशांमधून घासत फिरतात. पॉलिश पेपरचं काम ते करतात. शिवाय ऑइल घट्ट होतं, टेन्शनरच्या बारीक भोकातून वेळेवर जात नाही.

दुसरं, ऑइलची पातळी. १.३ मध्ये ऑइल ३ लिटरच्या आसपासच मावतं (नेमका आकडा मॉडेलनुसार मॅन्युअलमध्ये आहे). त्यातलं लिटरभर खर्ची पडलं आणि कोणी पाहिलं नाही, तर उरलेल्या दोन लिटरवर सगळ्या इंजिनाची मदार. घाटात वळणावर पंपाचं तोंड क्षणभर उघडं पडलं तरी टेन्शनर ढिला होतो. उलट ऑइल खुणेच्या वर भरलं तर क्रँक त्यात आपटतो, फेस होतो. फेसात हवा असते, ती दाबली जाते आणि टेन्शनर स्पंजासारखा वागतो. म्हणून "थोडं जास्तच घाल" हे सांगू नका.

तिसरं, बदलीची मुदत. कंपनीनुसार १० ते १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं छापलेलं असतं, आणि "किंवा एक वर्ष" हे शब्द कोणी वाचत नाही. शहरात रोज ४-५ किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये ओलावा आणि डिझेल साठतं. अशी गाडी वर्षाला ४ हजार किलोमीटरच चालली तरी ऑइल वर्षाने बदलायलाच हवं. जुन्या १.३ ला आमचा सल्ला ७,५०० ते ८,००० किलोमीटरचा आहे. एका जादा ऑइल बदलाचा खर्च चेनच्या कामाच्या पुढे किरकोळ आहे.

चौथं, या इंजिनाची ठेवण. डिझेलचा हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवरूनच चालतो. म्हणजे व्हॉल्व उघडण्याच्या जोराबरोबर पंपाचे धक्केही एकेरी चेनवरच येतात. वरून ट्युनिंग बॉक्स लावून प्रेशर वाढवलं की भार आणखी वाढतो.

कोणतं ऑइल घालावं? जाड ऑइल घातलं की आवाज कमी होतो, ते चालेल का?

मारुतीने या इंजिनाला ५डब्ल्यू-३० सांगितलं, फियाटने ५डब्ल्यू-४०. दोन्ही चांगलं चालतं. जुन्या, थोडं ऑइल पिणाऱ्या इंजिनाला ५डब्ल्यू-४० अधिक सोयीचं. डब्यावर डिझेल इंजिनासाठीचा दर्जा लिहिलेला पाहा.

२०डब्ल्यू-५० घातल्यावर आवाज दबतो, हे खरं आहे. गरम इंजिनात दाब वाढतो म्हणून. पण चेनची खरी कसोटी सकाळच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत असते आणि नेमकं तेव्हा जाड ऑइल टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं. गाडी विकायला काढलेल्या माणसाचा हा आवडता उपाय आहे, हेही लक्षात असू द्या.

सकाळी सेल्फ मारल्यावर खडखड येते आणि थांबते. चिंता करावी का?

रात्रभरात टेन्शनरमधलं ऑइल थोडं उतरतं. दाब तयार होईपर्यंत सेकंदभर सळसळ किंवा खडखड आली तर जुन्या इंजिनात ते चालून जातं. आवाज रोज ३ सेकंदांच्या पुढे रेंगाळत असेल, महिन्यागणिक वाढत असेल किंवा गरम इंजिनातही आयडलिंगला येत असेल, तर तपासणी पुढे ढकलू नका.

त्याआधी एक स्वस्त गोष्ट करा: ऑइल आणि फिल्टर बदला. या इंजिनात कागदी फिल्टर हाउसिंगमध्ये बसतो. घाईत चुकीच्या मापाचा फिल्टर बसवला, जुनी ओरिंग (रबरी कडी) परत वापरली किंवा ओरिंग चुकीच्या खाचेत घातली, तर इंजिन बंद असताना ऑइल खाली उतरतं आणि रोज सकाळी खडखड होते. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेला आवाज असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा.

आवाज चेनचाच आहे हे कसं ओळखायचं?

१.३ चा मूळ आवाजच टकटकीचा आहे, त्यामुळे गल्लत होते. क्रमाने जा.

१. आधी बाहेरचा पट्टा काढा. अल्टरनेटर, एसी आणि वॉटर पंप त्यावर चालतात. पट्टा काढून गाडी जास्तीत जास्त मिनिटभर चालवा. आवाज गेला तर दोष पट्ट्याच्या टेन्शनरचा, पुलीचा किंवा बेअरिंगचा आहे आणि तुमचे बरेच पैसे वाचले. मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, कूलंट फिरत नसतं.

२. आवाज तसाच असेल तर मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हर, पुढच्या टायमिंग कव्हरवर टेकवून ऐका. चेनचा आवाज कव्हरवर सगळ्यात मोठा येतो. वर, टेन्शनरच्या बाजूला, रेस सोडताना खर्रर्र असा येतो. इंजेक्टरची टकटक हेडवर एका सिलिंडरपाशी मोठी असते. त्या इंजेक्टरचा कनेक्टर काढला की ती बदलते. चेनच्या आवाजाला कनेक्टर काढल्याने फरक पडत नाही.

३. ऑइल काढताना ते स्वच्छ ट्रेमध्ये काढा आणि फिल्टर पिळून उघडा. काळे-तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर चेनला सांभाळणारा गाइड फुटला आहे. इथे चर्चा संपली, कव्हर उघडायचं. चकाकणारी बारीक धातूची भुकटी दिसली तर चेनबरोबर बेअरिंगही तपासा.

४. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावा. गरम इंजिनात आयडलिंगला साधारण १ बार आणि रेस केल्यावर दर हजार आरपीएममागे पाऊण बारच्या आसपास वाढ, हा सर्वसाधारण ठोकताळा. शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा. दाबच कमी असेल तर नवी चेनही तेवढीच लवकर जाईल. आधी ऑइल पंप, त्याची जाळी आणि बेअरिंग बघा. दिव्यावर विसंबू नका. तो पेटतो तेव्हा दाब जवळपास गेलेलाच असतो.

स्कॅनरवर काय दिसतं?

क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकल्याचा कोड पी००१६. कॅम सेन्सरचे पी०३४० आणि पी०३४१ सुद्धा येतात. नुसता कोड पाहून चेन बदलू नका: सेन्सरची तार तुटली, कनेक्टरमध्ये ऑइल शिरलं तरी हेच कोड उमटतात. कोड पुसा, वायरिंग तपासा, गाडी चालवा. पी००१६ परत आला आणि जोडीला आवाजही असेल तर चेनच. उलट, कोड नाही म्हणजे चेन ठीक आहे असंही नाही. दोन-तीन अंशांच्या फरकावर बऱ्याच जुन्या गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) काही बोलत नाही.

गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर लावू नये, धक्का मारून सुरू करू नये, असं का म्हणतात?

हा प्रश्न लोक सोडून देतात, पण झिजलेल्या चेनचा घात बऱ्याचदा इथेच होतो.

इंजिन सुलटं फिरतं तेव्हा चेनची एक बाजू ताणलेली असते, ती सरळ गाइडवर चालते. दुसरी बाजू सैल असते आणि टेन्शनर तिलाच दाबून धरतो. इंजिन उलटं फिरलं की बाजू बदलतात. सगळा ताण टेन्शनरच्या बाजूला येतो आणि तो मागे ढकलला जातो. त्या वेळी इंजिन बंद असेल तर ऑइलचा दाबही नसतो, फक्त स्प्रिंग आणि असलीच तर आतली दातेरी अडकण. नव्या चेनला हे सहन होतं. लांबलेली चेन मात्र क्रँकच्या छोट्या स्प्रॉकेटवर उडी मारू शकते.

चढाला तोंड करून लावलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक न ओढता सोडली तर ती मागे रेलते आणि इंजिन उलटं ढकललं जातं. म्हणून हँडब्रेक आधी पूर्ण ओढायचा, गाडीचं वजन त्यावर येऊ द्यायचं, मग गिअर टाकायचा. चढावर उलटा, म्हणजे रिव्हर्स गिअर टाकला तर गाडी मागे गेली तरी इंजिन सुलटंच फिरतं. उताराकडे तोंड असेल तर पहिला. जुने लोक नेमकं याच्या विरुद्ध शिकवतात. आपल्या इंजिनाचा विचार करा.

धक्का मारून सुरू करण्यात इंजिन सुलटंच फिरतं, पण क्लच सोडताना एकदम झटका बसतो आणि ऑइलचा दाब शून्य असतो. बॅटरी उतरली असेल तर जंपर केबल लावा.

चालत्या गाडीत चेन तुटली किंवा दात चुकला तर?

गाडी झटक्याने बंद पडते. कधी धाडकन आवाज, कधी काहीच नाही. पुन्हा सेल्फ मारू नका. प्रत्येक सेल्फबरोबर आतलं नुकसान वाढतं. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरला तर कॉम्प्रेशन गेलं आहे असं समजा. गाडी न्यूट्रलमध्ये, शक्यतो फ्लॅटबेडवर उचलून न्या.

१.३ मध्ये एक दिलासा आहे. पिस्टन व्हॉल्ववर आदळला की अनेकदा आधी रोलर रॉकर (कॅम आणि व्हॉल्व यांच्यामधले छोटे दांडे) मोडतात आणि व्हॉल्व वाचतात. म्हणून "हेड गेलं, इंजिन बदला" असं कोणी बाहेरूनच सांगितलं तर थांबा. वरचं कॅमचं हाउसिंग उघडून रॉकर पाहता येतात. सगळे रॉकर काढले की १६ही व्हॉल्व आपोआप बंद स्थितीत असतात. मग ग्लो प्लगच्या भोकातून एकेका सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ऐकायचं. इनटेककडून फुसफुस आली तर इनटेकचा व्हॉल्व वाकलाय, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्टचा. दोन्हीकडे शांतता असेल तर हेड न उतरवता नवे रॉकर, लिफ्टर आणि चेन किटवर काम भागतं. हवा सोडताना क्रँक लॉक करायला विसरू नका, पिस्टन खाली ढकलला जातो. मोडलेल्या रॉकरचे तुकडे मोजून, जुळवून बाहेर काढा. रोलरची एखादी सुई आत राहिली तर ती पुढे कुठे जाईल सांगता येत नाही.

किती किलोमीटरला चेन बदलावी?

ठरलेला आकडा नाही. दीड लाख किलोमीटरनंतर दर सर्व्हिसला थंड इंजिनाचा आवाज ऐकणं आणि फिल्टर तपासणं पुरेसं आहे. ऑइलचा इतिहास माहीत नसेल तर ही तपासणी १ लाखालाच सुरू करा. मात्र हेड किंवा पुढचं कव्हर दुसऱ्या कामासाठी उघडलंच आणि गाडी दीड लाखाच्या पुढे असेल, तर तेव्हाच चेन किट टाकावं. मजुरी तीच लागते.

नुसती चेन किंवा नुसता टेन्शनर बदलला तर चालेल?

नाही. पूर्ण किट घ्या: चेन, क्रँकचं आणि कॅमचं स्प्रॉकेट, टेन्शनर, स्थिर गाइड, हलता गाइड. जोडीला पुढचं क्रँक ऑइल सील, लागणाऱ्या ओरिंगा, एकदाच वापरायचे बोल्ट, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) व कव्हरसाठी सिलिकॉन सीलंट, ऑइल आणि फिल्टर. नव्या टेन्शनरने जुन्या चेनला दाबून आवाज काही महिने लपतो. मूळ दुखणं आत तसंच राहतं.

१.३ मध्ये चेन बदलण्याचं काम कसं चालतं?

घरी करण्यासारखं हे काम नाही. पण गॅरेजमध्ये काय चाललंय हे कळावं, योग्य प्रश्न विचारता यावेत, म्हणून क्रम देत आहोत. साधारण दीड-दोन दिवस धरा.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. गाडी उचलून स्टँडवर, उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लॅस्टिक बाहेर. ऑइल काढायचं, पट्टा काढायचा. इंजिनाला आधार देऊन उजवीकडचं फाउंडेशन (इंजिनाचं माउंटिंग) सोडायचं, कारण कव्हर त्याच्यामागे आहे.

मग टायमिंग लॉक करायचं. दोन्ही कॅमसाठी पिना असतात आणि क्रँकसाठी फ्लायव्हीलमध्ये जाणारी पिन. या पिना हत्यारांच्या संचात मिळतात, ड्रिल बिट खुपसून चालवणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी देऊ नका. इंजिन हाताने फिरवायचं ते फक्त सुलट दिशेने. आणि पिना ही जागा दाखवण्याची वस्तू आहे: पिनांच्या भरवशावर कॅमचा बोल्ट उघडला तर पिन वाकते किंवा कॅमची खाच तुटते. स्प्रॉकेट वेगळ्या पान्याने धरायचं. क्रँक पुलीच्या बोल्टचे आटे सुलटे की उलटे हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय लांब दांडा लावायचा नाही.

पुली निघाली की चेंबर उतरवायचं. चेंबर न उतरवता पुढचं कव्हर ओढून काढणारे आहेत, पण मग खालची सीलंटची कड फाटते आणि महिन्याभरात गळती लागते. ऑइल पंप पुढच्या कव्हरमध्येच आहे, तेव्हा कव्हर हातात असताना पंपाचे गिअर आणि प्रेशर व्हॉल्व बघून घ्या. पंपावर खोल ओरखडे असतील तर कव्हरच बदला.

टेन्शनरचा दांडा दाबून पिनने अडकवायचा, तो काढायचा, मग गाइड, चेन आणि स्प्रॉकेट. जुनी आणि नवी चेन शेजारी-शेजारी लोंबकळती धरली तर फरक डोळ्यांना दिसतो. मालकाने हा नजारा जरूर पाहावा.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं: साफसफाई. कव्हर, ब्लॉक आणि चेंबरच्या कडांवरचं जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पात्याने पूर्ण खरवडायचं. लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर चरे पडतात, गोल ब्रशने उडालेले कण इंजिनात जातात. पंपाची जाळी धुवायची.

नवे भाग बसवून, पिना लावलेल्या असतानाच बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यावर आवळायचे. कॅमचं स्प्रॉकेट चावीशिवाय नुसत्या आवळीवर धरलेलं असतं तिथे अंदाजाची आवळ म्हणजे पुढच्या बिघाडाची पेरणी. टेन्शनरची पिन सोडायची, सगळ्या लॉकच्या पिना काढायच्या, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि पिना परत घालून पाहायच्या. सहज बसल्या तर टायमिंग बरोबर. ठोकाव्या लागल्या तर चूक आहे, परत उघडा.

सीलंटची वळ २ ते ३ मिमी जाडीची, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जाड वळ म्हणजे जास्त पक्कं, ही समजूत महागात पडते. दाबल्यावर आतल्या बाजूला सिलिकॉनची लांब अळी निघते, ती तुटून चेंबरमध्ये पडते आणि थेट पंपाच्या जाळीला चिकटते. ऑइल कमी पोचतं, आणि नवं किट टाकलेली गाडी काही हजार किलोमीटरमध्ये बेअरिंग जाऊन बंद पडते. कोणी कारण विचारलं तर "चेनच खराब निघाली" असं उत्तर मिळतं. सीलंट ट्यूबवर लिहिलेल्या वेळेइतकं वाळू द्यायचं, मगच ऑइल भरायचं.

शेवटी इंजेक्टरचे कनेक्टर काढून सेल्फ दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत फिरवायचा. ऑइलचा दिवा विझला की कनेक्टर लावून गाडी सुरू. पहिल्या सुरुवातीला थोडा आवाज येईल, काही सेकंदांत जायला हवा.

काम झालं, तरी आवाज आहे. काय असेल?

टेन्शनरची पिन आत राहिली, टेन्शनर डुप्लिकेट निघाला, ऑइलचा दाब कमी आहे किंवा आवाज मुळात चेनचा नव्हताच. याच क्रमाने तपासा. शेवटची शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त वेळा खरी निघते.

डुप्लिकेट किट कसं ओळखायचं?

पार्ट नंबर चॅसी नंबरवरून काढून घ्या. ७५ आणि ९० पीएसच्या इंजिनांत किंवा वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत फरक असू शकतो. फियाट आणि शेवरोले आता इथे गाड्या विकत नाहीत, त्यामुळे पुंटो किंवा सेलचे मालक मारुतीचं किट आणतात. बऱ्याचदा बसतं, पण जुना भाग शेजारी ठेवून दात आणि गाइडची भोकं मोजल्याशिवाय बिल करू नका. चांगल्या चेनच्या पट्ट्यांवर बनवणाऱ्याची खूण असते, गाइडच्या प्लॅस्टिकला कडेने टोचणारी टोकं किंवा साच्याची धार नसते. खोक्यावरच्या होलोग्रामपेक्षा हे पाहणं बरं. जुने भाग गॅरेजमधून परत मागा.

इंजिन फ्लश केल्याने चेनला फायदा होतो का?

वर्षानुवर्षं साठलेला चिखल एकदम सुटला की तो जाळीत अडकतो. जुन्या, इतिहास माहीत नसलेल्या इंजिनात फ्लश, आणि डिझेल घालून धुणं तर मुळीच, करू नका. त्याऐवजी चांगलं ऑइल घालून १,५०० किलोमीटरला एकदा आणि ४,००० ला पुन्हा बदला. चिखल हळूहळू जातो.

जुनी १.३ डिझेल घेताना काय बघावं?

मालकाला आधीच सांगा: मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. बॉनेट उघडं ठेवून पहिला सेल्फ दुसऱ्याला मारायला सांगा आणि तुम्ही पुढे, पट्ट्याच्या बाजूला उभे राहा. ऑइलचं झाकण उघडून आतला रंग पाहा: मधासारखा तपकिरी थर ठीक, काळा खरपुडा नको. कव्हरच्या कडेला नवं सिलिकॉन दिसलं तर काम कधी, कुठे झालं आणि बिल आहे का विचारा. सर्व्हिसच्या नोंदीत किलोमीटरबरोबर तारखाही बघा.

बीएमडब्ल्यू किंवा १.८ टीएसआय गाड्यांच्या चेनबद्दल तक्रारी ऐकतो ते खरं आहे का?

खरं आहे. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, तिच्यापर्यंत पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून जुनी ३२०डी स्वस्तात मिळाली तरी हा खर्च किमतीत धरा. स्कोडाच्या लॉरा आणि सुपर्बच्या सुरुवातीच्या १.८ टीएसआयमध्ये टेन्शनरची दातेरी अडकण दगा देते आणि गाडी बंद असताना चेन दात सोडते. तिथे सुधारित टेन्शनर आवाजाची वाट न पाहता टाकावा. चढावर पहिल्या गिअरमध्ये न लावण्याचा नियम या गाडीला सगळ्यात आधी लागू.

पद्मिनी आणि जुन्या अँबॅसडरची चेन?

कॅम ब्लॉकमध्येच, चेन आखूड, त्यामुळे दुखणंही सोपं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. क्रँकची पुली पान्याने थोडी पुढे, थोडी मागे फिरवा आणि रोटर कधी हलतो ते पाहा. पुली १० अंशांहून जास्त फिरूनही रोटर जागचा हलत नसेल तर चेन आणि स्प्रॉकेट बदला. मोजण्यासाठी पुलीवर खडूची खूण पुरते.